त्याच्याही खाली

योगेश्वरीच्या हातून लाटणं निसटलं, ओट्यावरून खाली पडलं आणि दोनदा वाजलं. पहिला आवाज नेहमीचा, खट्ट. मग ते उसळून गॅसच्या टाकीजवळच्या फरशीवर पडलं तेव्हा आवाज वेगळाच आला, ढप्प, किंचित लांबलेला, खाली कुणीतरी जागा करून ठेवल्यासारखा. तिलकच्या हातातला चहाचा कप ओठांपर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला. त्याने कप ठेवला, गुडघ्यावर बसला, लाटणं उचललं आणि त्या फरशीवर हळूच टेकवलं. ढप्प. शेजारच्या फरशीवर वाजवलं, खट्ट. परत त्या फरशीवर, ढप्प. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन आलं होतं, तव्यावरची पोळी करपायच्या बेतात होती आणि हा पन्नाशी उलटलेला माणूस जमिनीला कान लावायला निघाला होता. दारात खुर्ची टाकून बसलेली आचल, त्याची मुलगी, पोटावर हात ठेवून हसायला लागली. तिचे दिवस भरत आले होते आणि तिला हसतानाही धाप लागायची. "कायले ठोकून राहिले जी सकाळी सकाळी?" योगेश्वरी म्हणाली. "तेथी काही नाही. फरशी पोकळ हाये. प्रफुल मिस्त्रीनं मसाला कमी टाकला. मी तं घरभरणीच्या दिवशीच सांगतलं होतं तुमाले." तिलक ओशाळून उठला आणि लाटणं धुऊन तिच्या हातात दिलं.

आवाज ऐकणं हा तसा त्याचा धंदाच होता. गोंदियाच्या स्टेशनात गाडी येऊन थांबली की हातोडी घेऊन डब्याडब्याच्या कडेने चालत जायचं, चाकावर एकेक टोला घालायचा आणि ऐकायचं. चांगलं चाक मोकळं वाजतं. चिरलेलं असेल तर आवाज तोंडातल्या तोंडात मरतो. आता यंत्रंही आली होती, तरी हातोडी सुटली नव्हती. इतकी वर्षं त्याने वाईट आवाज शोधण्यात घालवली आणि तो सापडला नाही की समाधानाने घरी जेवायला आला. बापाचा मात्र उलटा कारभार होता. बाप अर्धा जन्म जमीन ठोकत फिरला तो पोकळ आवाज ऐकायला. ढप्प हा त्या घरातला सगळ्यात मोठा शब्द होता. इतक्या वर्षांनी तो स्वतःच्या स्वयंपाकघरात ऐकू यावा, आणि तोही इंद्रकुमारचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, याचं तिलकला बरं वाटेना. इंद्रकुमार त्याच्या काकाचा मुलगा, गावीच राहणारा. फोनवर तो कुजबुजत होता, शेतात एकटाच उभा असूनही. "भाऊ, धन शोधाची मशीन वाजली. आपल्या मागच्या आंगनात, जुन्या गोठ्याच्या बाजूनं, शेवग्याच्या बुडाशी. मशीनवाला दुर्गाप्रसाद म्हणते का खोल हाये. इतवारी कोहमाऱ्याले या, ढाब्यावर भेटू. आंगन दोघाच्या नावावर हाये, तुमाले सोडून मी खोदाचा नाही. अन् मशीन नुसती वाजते. नेमकं कुठं ते कानानंच समजते. मोठेबाबाचे कान तुमालेच भेटले."

मोठेबाबा म्हणजे तिलकचे वडील, नत्थूलाल. त्यांच्या पवार समाजाचे पूर्वज माळव्यातून बैलगाड्या हाकत इकडे आले, ही गोष्ट त्या भागात पोरासोरांनाही पाठ असते. आणि प्रत्येक घराची एक स्वतःची पुरवणी असते, की आपल्या गाडीखाली धनाने भरलेला एक पितळेचा हंडा बांधलेला होता, आणि बैल जिथे पहिल्यांदा सोडले तिथे तो पुरला, आणि ज्याने पुरला तो सांगायच्या आधीच गेला. या सगळ्या पुरवण्या खऱ्या धरल्या तर त्या मुलखात नांगर घालायला जागा उरली नसती. पण नत्थूलालने आपली पुरवणी खरी धरली. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन तो शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने फिरायचा, बोथट टोक जमिनीवर आपटायचा आणि मान कलती करून ऐकायचा. माणूस चांगला होता, दारू नाही, भांडण नाही. पण त्याच्याशी बोलताना तो अर्धा तुमच्याशी आणि अर्धा तुमच्या पायाखालच्या मातीशी बोलतोय असं वाटायचं. एकदा पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेला आणि पोहे खाता खाता यजमानाची ओसरी टाचेने ठोकून पाहायला लागला. मुलीच्या बापाला वाटलं, पाव्हण्याला घर पसंत नाही. सोयरीक मोडता मोडता राहिली. तिलकची आई रामबाई हे सगळं हसून सोडून द्यायची. कुणी विचारलं, नत्थूभाऊ कुठे आहेत, तर म्हणायची, जमिनीसंगं बोलाले गेले. तिच्या हसण्यात कडवटपणा होता का, हे तिलकने पुढे पुष्कळदा आठवून पाहिलं. त्याला तो कधी सापडला नाही, आणि याचंच त्याला नवल वाटत आलं होतं.

एक गोष्ट तेवढी ती हसून सांगत नसे. तिलकच्या जन्माच्या वेळची. इटियाडोहच्या धरणाचं काम चालू होतं आणि कुणीतरी हूल उठवली की खोदकामात हंडा लागला. रामबाईच्या पोटात सकाळपासून दुखत होतं. नत्थूलालने सायकल काढली, उंबऱ्यात थांबला, आत पाहून म्हणाला, "पहिलटकरीण हाये, वेळ लागते. मी येतो." आणि गेला. तिलक त्याच संध्याकाळी झाला. त्यांच्याकडे रीत अशी की मूल झालं की नाळेमागून पडणारी वार कोऱ्या मडक्यात घालून, हळद, सुपारी, मूठभर तांदूळ आणि एक नाणं ठेवून घराच्या मागच्या अंगणात पुरायची. खड्डा बापाने खोदायचा. बाप नव्हता. मग सुईण सावित्रीबाईने पदर खोचला, कुदळ घेतली आणि गोठ्याच्या बाजूला स्वतःच खणलं, चांगलं खोल, कुत्र्याने उकरू नये म्हणून. नाणं रामबाईने बाजेवरून काढून दिलं. काही दिवसांनी नत्थूलाल धरणावरून परत आला, हात हलवत. पोरगा पाहून हरखला, साखर वाटली. खड्डा कुठे खणला, हे त्याने विचारलं नाही आणि आनंदाच्या गडबडीत त्याला कुणी सांगितलंही नाही.

ते कळायला त्याला तिलक शाळेत जाईपर्यंत वाट पाहावी लागली. तो दिवस तिलकला आजही वासासकट आठवतो. रोवण्याचे दिवस होते. रोवण्यात दुपारचं गाव रिकामं असतं. माणसं, बाया, सगळे गुडघाभर चिखलात धान लावत असतात. नत्थूलाल अंगात कसकस आहे म्हणून घरी राहिला होता. खरा ताप तिलकला होता. तो सपरीतल्या, म्हणजे पडवीतल्या, बाजेवर गोधडी घेऊन पडला होता, तोंडाला कडू चव, डोळ्यांसमोर छपराचे बांबू जाड-बारीक होत होते. तेवढ्यात मागून आवाज यायला लागला. ठक, ठक, ठक. बराच वेळ ठक. आणि मग ढप्प. त्यानंतर काही वेळ काहीच नाही, आणि मग कुदळ सुरू झाली. तिलक बाजेवरून उतरून भिंतीला धरत मागच्या दारापर्यंत गेला. बाप खड्ड्यात कमरेइतका होता. त्याने वाकून काहीतरी उचललं, कडेला ठेवलं. मातीने लिंपलेल्या तोंडाचं एक लहान मडकं. लिंपण त्याने नखांनी खरवडलं, हात आत घातला, काहीतरी चिमटीत काढलं आणि धोतराच्या सोग्याने घासलं. पिवळं चमकलं. त्या क्षणी बापाचा चेहरा जसा झाला तसा तिलकने त्याआधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही कुणाचा पाहिला नाही. त्यात हावरेपणा नव्हता. हरवलेलं लेकरू जत्रेत सापडावं तसं काहीतरी होतं.

रामबाई त्याच वेळी पोराचा ताप पाहायला शेतातून आली. पोटऱ्यांपर्यंत चिखल, लुगडं खोचलेलं, हातात जेवणाची रिकामी टोपली. तिने खड्डा पाहिला, मडकं पाहिलं, नवऱ्याच्या तळहातावरचं नाणं पाहिलं. वीस पैशांचं पितळी नाणं होतं ते, कमळाचं. "ते तिलकचं हाये," ती म्हणाली. त्याला कळेना. तो तसाच उजळलेल्या तोंडाने तिच्याकडे पाहत राहिला. "त्याची वार हाये जी थे. तुमी नव्हते, म्हणून सावित्रीबाईनं पुरली." बस्स, एवढंच. आवाज चढला नाही, टोमणा नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं तसं सांगितलं, आणि टोपली भिंतीला टेकवून ठेवली. नत्थूलाल खड्ड्याच्या काठावर बसला. हातातल्या नाण्याकडे पाहिलं, मग मागच्या दारात गोधडी पांघरून उभ्या असलेल्या पोराकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. तिलकला वाटलं, आता मार बसणार. पण बापाने नाणं पुन्हा मडक्यात टाकलं, सांडलेली हळकुंडं गोळा केली, सुपारी ठेवली, ओल्या मातीने तोंड स्वतःच्या हाताने लिंपलं आणि मडकं जिथून काढलं होतं तिथे ठेवलं. "खड्डा बापानं खोदाचा असते," तो म्हणाला, कुणाला म्हणाला कोण जाणे. "झाला आता." माती लोटून त्याने पायाने दाबली, हातपाय धुतले, पोराजवळ आला आणि बोटाच्या पेराने त्याच्या पाठीवर टकटक केलं. मान कलती करून ऐकलं. "ठोस हाये," तो म्हणाला. मग धोतर खोचून रोवण्याला गेला.

त्यानंतर नत्थूलाल काही साधुसंत झाला नाही. कुठे हंडा निघाल्याची बातमी आली की त्याचे कान टवकारायचेच. पण सब्बल कुंपणाचे खांब रोवण्याच्या कामी लागली, आणि ठोकून पाहायची खोड जमिनीवरून पोरावर आली. जेवण झालं की पाठीवर टकटक, शाळेतून आला की टकटक. ठोस हाये. तिलक रेल्वेत लागला त्या दिवशीही स्टेशनच्या फलाटावर, चारचौघांत, त्याने पोराच्या पाठीवर पेर वाजवलं आणि मान हलवली. तिलकला तेव्हा लाज वाटली होती. आता बाप नव्हता, आई नव्हती, गावचं घर पाडून झालं होतं, अंगण आणि शेवगा तेवढा शिल्लक होता. आणि शेवग्याच्या बुडाशी मशीन वाजली होती. म्हणजे काय वाजलं, हे तिलकला फोन कानावर असतानाच कळलं होतं. कमळाचं वीस पैशाचं नाणं. त्याचं स्वतःचं. त्याने इंद्रकुमारला तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, आणि दोघं हसले असते आणि विषय संपला असता. तो म्हणाला, "बरं, येतो इतवारी."

असं का म्हणालो, याचा विचार तो दिवसभर करत राहिला, हातोडी चाकांवर पडत असताना, डब्याच्या सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत जाताना. त्याला काही कमी नव्हतं. गोंदियातच कुडव्याकडे स्वतःचं घर होतं, एक फरशी सोडली तर ठीकठाक बांधलेलं. निवृत्ती जवळ आली होती, बायको अजून त्याच्या विनोदांना हसत होती, मुलगी बाळंतपणाला घरी आली होती. रात्री पाठ टेकली की झोप लागत होती; यापेक्षा माणसाला काय लागतं. आणि तरी मनाच्या तळाशी एक बारीक आवाज रेटत होता: बाबांनी त्याच्या खाली पाहिलं नाही. मडकं निघालं तसं ठेवलं, माती लोटली. पण जुनी माणसं वर काहीतरी भलतंच ठेवतात आणि खरं त्याच्या खाली असतं, हेही लहानपणापासून ऐकलेलं. सावित्रीबाईने खणलं ते कमरेइतकं. हंडा पुरणाऱ्याने पुरुषभर खणलं असेल. दुर्गाप्रसाद खोल म्हणतो, ते का म्हणतो. हातभर आणखी. नुसतं हातभर. एका डब्याच्या चाकांवरून तो असा पुढे गेला आणि त्याच्या लक्षात आलं की टोले घातले, पण आवाज ऐकलाच नाही. घामाघूम होऊन तो मागे वळला आणि ती चाकं पुन्हा वाजवली. सगळी चांगली होती. पण हे आपलं काम नव्हे, हा माणूस आपण नव्हे, अशी एक भीती त्याला चाटून गेली. पैशाचं त्याच्या मनात खरोखरच नव्हतं. त्याला बापाचा तो चेहरा हवा होता. आयुष्यात एकदा तरी आपला चेहरा तसा व्हावा, आणि मागून येऊन कुणी ते तुझंच आहे असं सांगू नये.

रविवारी सकाळी योगेश्वरी दारात आडवी उभी राहिली. तिला तो कुठे चाललाय हे ठाऊक होतं. त्याला लपवाछपवी जमत नसे. "पोरीचे दिवस भरले अन् तुमी कोहमाऱ्याले कायले जाऊन राहिले?" ती म्हणाली. "डॉक्टरनं पुढच्या हप्त्याची तारीख देली हाये," तो म्हणाला. "संध्याकाळच्या आत वापस." आचलने आतून ओरडून सांगितलं की बाबांना हंडा सापडला तर तिला आधी कूलर हवा. योगेश्वरी हसली नाही. तिने डब्यात पोळ्या बांधून दिल्या आणि बाजूला झाली, आणि तिचं ते बाजूला होणं त्याला एसटीत बसल्यावरही दिसत राहिलं. वाटेवरच्या गोरेगावच्या पुढे दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाचा रोवणा चालू होता. बाया ओळीने वाकलेल्या, पाण्यात आभाळ, हातातून एकेक रोप चिखलात जात होतं. तिलक खिडकीला डोकं टेकून पाहत राहिला. या बायांनाही कुणीतरी असेल, सायकलवर बसून कुठेतरी गेलेलं. बस खड्ड्यातून गेली की खिडकीची काच दातांसारखी वाजत होती, आणि त्याला वाटत होतं, आपण आठ वर्षांचे आहोत आणि ताप अजून उतरलेला नाही.

कोहमाऱ्याला ट्रकांची रांग होती, तळलेल्या मिरच्यांचा ठसका होता. ढाब्याच्या मागच्या बाजूला इंद्रकुमार उभा होता, नवा शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखा. त्याच्याबरोबर दुर्गाप्रसाद, पोत्यात गुंडाळलेली मशीन घेऊन. हा दुर्गाप्रसाद गोड माणूस होता, उगाच कुणाला फसवणाऱ्यातला वाटला नाही. त्याचा स्वतःचाच त्या मशीनवर फार विश्वास होता. "भैया, ये झूठ नहीं बोलती," तो म्हणाला, आणि ढाब्याचा एक चमचा मातीत दाबून त्याने मशीन वरून फिरवली. ती किंचाळली. इंद्रकुमारने तिलककडे असं पाहिलं की जणू तो आवाज त्यानेच काढला. तिघांसाठी चहा आला. गाव तिथून अर्ध्या तासावर. तिलकच्या तळहातांना सब्बलीचं थंड लोखंड जाणवायला लागलं होतं, तोंडाला कडू चव आली होती. त्याने चहाचा ग्लास उचलला आणि खिशातला फोन वाजला. योगेश्वरी होती. मागून रिक्षाचा आवाज येत होता. "आचलच्या कळा सुरू झाल्या जी. दवाखान्यात घेऊन जाऊन राहिली." ती घाबरलेली नव्हती. या म्हणाली नाही, येऊ नका म्हणाली नाही. सांगितलं आणि ठेवला.

तिलकने फोनकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, पोत्यातल्या मशीनकडे पाहिलं. मनाने हिशेब मांडायला सुरुवात केलीसुद्धा: अर्धा तास जायला, तासाभरात खणून होईल. इंद्रकुमारने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काही काळजी नाही भाऊ," तो अगदी मायेने म्हणाला. "पहिलटकरीण हाये, वेळ लागते." त्याला बिचाऱ्याला काय माहीत. तो तेव्हा जन्मलाही नव्हता. आणि हे वाक्य तर कुणीही बोलतं, दर घरात, दर बाळंतपणात. पण तिलकच्या डोळ्यांसमोर उंबरा आला, सायकलीच्या हँडलवर हात ठेवून आत पाहणारा तरणा बाप आला आणि आतल्या अंधारात बाजेवर पडलेली आई आली, जिने या म्हटलं नव्हतं आणि जाऊ नका म्हटलं नव्हतं. आजवर त्याला ही गोष्ट पोराच्या बाजूने माहीत होती. आता ती त्याला बापाच्या बाजूने कळली, अगदी पायाच्या तळव्यांतून. किती सोपं होतं ते. बाप काही दुष्ट नव्हता. त्याने नुसता हिशेब मांडला होता.

त्याने ग्लास खाली ठेवला. "इंद्रकुमार, मी चाललो," तो म्हणाला. "आंगन तुहंही हाये. खोदाचं तं खोद, मी नाही म्हणत नाही. पण तेथी एक मडकं निघंल, लहान. त्यात कमळाचं नाणं हाये. ते जसंच्या तसं ठेव. ते मी हावो." आणि त्याने उभ्याउभ्याच ती गोष्ट सांगितली, धरण, सुईण, रोवण्याची दुपार. चुलीपाशी मिरच्या तळणारा माणूस झारा तसाच धरून ऐकत राहिला. दुर्गाप्रसादने मशीन हळूच पोत्यात सरकवली. मग इंद्रकुमारने तो प्रश्न विचारलाच. कुणीही विचारला असता. "अन् त्याच्या खालतं, भाऊ?" तिलकने रस्त्याकडे पाहिलं. गोंदियाची बस वळत होती. "मले माहीत नाही," तो म्हणाला. "बाबानं पाह्यलं नाही."

परतीच्या वाटेवर त्याला फक्त एकच धास्ती होती, उशीर होण्याची. बस दर फाट्यावर थांबत होती, म्हाताऱ्या माणसांना चढायला वेळ लागत होता, कुणाची तरी कोंबडी पिशवीतून निसटली. तो मनातल्या मनात ड्रायव्हरला, म्हाताऱ्यांना, कोंबडीला हात जोडत होता. आणि या घाईच्या खाली, कुठेतरी फार खोल, त्याला आनंद होत होता. कशाचा, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. मशीन वाजली म्हणून, लाटणं पडलं म्हणून, आईने टोमणा मारला नाही म्हणून, बापाने लिंपण पुन्हा स्वतःच्या हाताने केलं म्हणून. रोवणाऱ्या बाया आता दुसऱ्या बाजूच्या खिडकीत दिसत होत्या, ऊन कलल्यामुळे पाणी पिवळं झालं होतं. त्याला वाटलं, आपल्याला किती मिळालं, आणि कुणीच आपल्याकडून कधी पावती मागितली नाही. असं काही मनात आलं की त्याला लगेच संकोच व्हायचा. या वेळी झाला नाही.

दवाखान्याच्या बाकावर योगेश्वरी एकटी बसली होती. त्याला पाहून ती सरकली आणि त्याने शेजारी बसावं एवढी जागा केली. "झालं नाही अजून," ती म्हणाली. मग काही वेळाने, समोर पाहतच, "सापडलं काही?" तो म्हणाला, "पोळ्या तशाच हायेत डब्यात." तेव्हा ती हसली, आणि त्या दोघांनी तिथेच बाकावर बसून थंड पोळ्या खाल्ल्या. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला आतून रडण्याचा आवाज आला, खणखणीत. मुलगी झाली होती. नर्सने गुंडाळलेलं गाठोडं आणून त्याच्या हातात दिलं आणि तिलकने काही विचार करायच्या आत, एका पेराने, इतक्या हलक्या हाताने की कुणाला दिसूही नये, त्या इवल्या पाठीवर टकटक केलं. मान कलती झाली. नर्स म्हणाली, "काय करता काका?" त्याचे डोळे भरून आले होते, आणि बापाला त्या फलाटावर काय वाटलं असेल ते त्याला कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात बाळाची नाळ वाळून गळाली. योगेश्वरीने ती कापसात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवली. वार तर दवाखान्यात कुठल्याशा पिवळ्या पिशवीत गेली होती. आता अशीच पद्धत आहे, तिलकने त्याबद्दल कुणाशी वाद घातला नाही. जावई हिमांशू बालाघाटहून आला होता, शांत मुलगा, बाळाला घ्यायला घाबरणारा. त्याच दिवशी प्रफुल मिस्त्री फरशी बसवायला यायचा होता. तो यायच्या आधी तिलकने छन्नी-हातोडी काढली आणि हिमांशूच्या हातात दिली. "ही फरशी काढा," तो म्हणाला. "मी, पापाजी?" "तुमीच. खड्डा बापानं खोदाचा असते." हिमांशूने जपून, घाबरत घाबरत फरशी उचकटली. खाली मसाला नव्हताच, नुसती पोकळी, कोरडी वाळू आणि हरवलेलं वाटाण्याएवढं बटण. त्याने खणलं. योगेश्वरीने लहानशा मातीच्या भांड्यात नाळ ठेवली, हळकुंड, सुपारी, मूठभर नवे तांदूळ. नाणं तिलकने खिशातून काढून दिलं, पाच रुपयांचं, पिवळं. ते त्याने सदऱ्याला घासलं तेव्हा चमकलं, आणि आचल पलंगावरून म्हणाली, "बाबा, तुमचा चेहरा पाहा कसा झाला." कसा झाला होता, हे त्याने विचारलं नाही.

इंद्रकुमारचा फोन त्याच दुपारी आला, प्रफुल मिस्त्री मसाला कालवत होता तेव्हा. "भाऊ, कमळ निघालं," तो म्हणाला. आवाज आता कुजबुजता नव्हता. "लिंपणावर बोटाचे ठसे होते, मोठेबाबाचेच असतील. मी हात लावला नाही. ठेवलं वापस." "बरं केलं," तिलक म्हणाला. पलीकडे इंद्रकुमार थांबला. तो कशासाठी थांबला होता हे तिलकला ठाऊक होतं. एक प्रश्न तेवढा विचारायचा होता, आणि तो विचारला असता तर इंद्रकुमारने खरं उत्तर दिलं असतं. फोनच्या त्या बाजूला शेवग्याची पानं वाजत असावीत. तिलकने मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं. तिने जांभई दिली आणि मूठ उघडली, आत काही नव्हतं. "बारशाले ये," तो म्हणाला. "बायकोले घेऊन ये. नाव तूच सुचव." इंद्रकुमार हसला, मोकळा झाल्यासारखा, आणि ते दोघं पुष्कळ वेळ नावांबद्दल बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिलक चहाचा कप घेऊन ओट्याशी उभा होता. योगेश्वरीने पोळी तव्यावर टाकली, लाटणं उचललं, खाली वाकली आणि गॅसच्या टाकीजवळच्या फरशीवर एकदा वाजवलं. मान कलती करून ऐकलं. "ठोस हाये जी," ती म्हणाली. तिलक चहा प्यायला आणि कामावर गेला.